आगाऊ टेकडी

१

मंगळवारी दुपारी बारा वाजता टिटवीचा चार वर्षांचा प्रबंध खोटा ठरला, आणि बारा वाजून पाच मिनिटांनी ती माझ्या शिवणयंत्रासमोर येऊन उभी राहिली. रडत नव्हती. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. हातातले कागद तिने कापडाच्या ढिगावर ठेवले आणि एवढंच म्हणाली, "मावशी, मी काही पुसलेलं नाही हो."

टिटवी हे तिचं खरं नाव नव्हे. काटकुळे पाय, सतत इकडून तिकडे पळणं आणि पळतानाही तोंड चालूच, म्हणून आमच्या प्रयोगशाळेने तिला ते बहाल केलं. मला गवसणीबाई म्हणतात. बावीस वर्षांपूर्वी मी इथे यंत्रांच्या गवसण्या शिवायला आले. गवसणी बेतायची तर माप घ्यावं लागतं, माप घेताना हा नळ कशाचा, ही तार कुठे जाते हे विचारावं लागतं, आणि विचारायची मला भारी खोड. इतरांनी उडवून लावलं. पंपकाकांनी मात्र स्टूल पुढे सरकवलं आणि सांगायला सुरुवात केली. त्या स्टुलावर बसून बसून मी पडद्यावरची रेघ वाचायला शिकले. पदवी म्हणाल तर माझ्याकडे शिवणकामाचीही नाही.

यंत्राचं सांगते, म्हणजे भानगड कळेल. एक पोलादी भांडं, त्यातली हवा पंपाने ओढून काढलेली. आत टिटॅनियमचा बोटाएवढा तुकडा, त्याला म्हणायचं कॅथोड. त्यावर विजेची ठिणगी पाडली की सुईच्या टोकाएवढ्या जागेत धातू उकळतो, त्याची वाफ होते, आणि त्या वाफेतल्या कणांचे इलेक्ट्रॉन उडतात. कुणाचा एक उडतो, कुणाचे दोन, कुणाचे तीन. जितके उडाले तितका त्या कणावर भार. मग या सगळ्यांना एकाच जोराने ओढून एका लांब नळीत शर्यतीला सोडायचं. ज्याच्यावर भार जास्त तो आधी पोहोचतो. पडद्यावर ओळीने टेकड्या दिसतात: आधी तिहेरी, मग दुहेरी, शेवटी एकेरी. टेकडी जेवढी मोठी तेवढे ते कण जास्त. टिटवीचा सगळा प्रबंध त्या पहिल्या टेकडीवर उभा होता. तिहेरी भाराचे कण आजवर मानले त्याहून बरेच जास्त निघतात, हे तिचं म्हणणं.

त्यात एक खोच होती. ऑक्सिजनचा एकेरी भाराचा कण टिटॅनियमच्या तिहेरी कणाबरोबर, अगदी त्याच क्षणी पोहोचतो. वजन एक तृतीयांश, भारही एक तृतीयांश, हिशेब सारखाच. म्हणजे भांड्यात पाण्याची वाफ राहिली असेल तर ऑक्सिजन गुपचूप तिहेरीच्या टेकडीत जाऊन बसतो आणि तिला फुगवतो. तो आहे की नाही हे ओळखायचं त्याच्या सोबत्यावरून. पाणी असेल तर हायड्रोजनही असतो, आणि तो इतका हलका की सगळ्यांच्या कितीतरी आधी येऊन आपली बारीक टेकडी काढतो. काका तिला आगाऊ टेकडी म्हणायचे.

टिटवीच्या प्रबंधातल्या एकशे चाळीस चित्रांत आगाऊ टेकडी कुठेच नव्हती. मंगळवारी चौकशी समितीने यंत्र स्वतः चालवून पाहिलं, तर ती ठसठशीत उभी. म्हणजे टिटवीने ती चित्रांतून पुसली, असं समितीने धरलं.

गुरुवारी बाराच्या आत समाधानकारक उत्तर आलं नाही, तर प्रबंध रद्द आणि तिचं नाव पटावरून कमी. कागदाच्या शेवटी तसं लिहिलं होतं.

२

चौकशी सुरू झाली ती एका पत्रावरून, आणि ते पत्र लिहिलं होतं इस्त्रीने. हाही संशोधकच. सदऱ्याची घडी मोडू नये म्हणून खुर्चीला टेकून न बसणारा. टिटवीच्या आधी त्याने याच यंत्रावर काम केलं होतं, आणि तिहेरीचा त्याचा आकडा तिच्यापेक्षा बराच कमी होता. तिचं खरं ठरलं तर त्याचं चुकलं. संशय घ्यायला एवढं पुरे.

मी त्याच्याकडे गेले ती त्याच्या मोजणीयंत्राची उसवलेली गवसणी घेऊन. रिकाम्या हाताने गेलं की माणसं सावध होतात. त्यानेच विषय काढला. आपण फक्त शंका विचारली होती, ऑक्सिजन असेल तर काय, एवढीच. खोटेपणाचा शब्द आपल्या पत्रात नाही, तो समितीचा. मंगळवारी आपल्याला आत घेतलंच नाही, कारण आपण तक्रारदार. टिटवीलाही घेतलं नाही, कारण ती आरोपी. आत होत्या त्या बाहेरगावाहून आलेल्या परीक्षक मॅडम, त्यांचा लेखनिक, आणि टिटवीचे सर.

मी सुई ओवत सहज विचारलं की सोमवारी संध्याकाळी यंत्राच्या खोलीपाशी तुम्ही दिसलात म्हणे. हे मी हवेतच सोडलं होतं. त्याचे कान लाल झाले.

"दाराशी गेलो होतो," तो म्हणाला. "तिला सांगायचं होतं की पत्र मागे घेतो. पण कुलूप लागलं होतं."

खरं असेलही. पण भांडं उघडून कॅथोडला नुसतं बोट लावलं असतं, तरी घामाचं पाणी आत गेलं असतं.

कुलपाची किल्ली स्टोअरवाल्याकडे. हा माणूस खिळासुद्धा सही घेऊन देतो, आणि खिळा परत केला तर पुन्हा सही घेतो. सोमवारी पाच वाजता समितीने खोली बंद करून किल्ली त्याच्या हवाली केली होती. मी विचारलं, मंगळवारी दहापर्यंत आत कोण गेलं. कोणी म्हणजे कोणी नाही, तो म्हणाला, आणि वहीचं पान उलटून दाखवलं. पान कोरं.

मग त्याने आवाज उतरवला. त्याला वेगळीच भीती होती. टिटवीला दिलेला टिटॅनियमचा तुकडा त्याने दमट कोपऱ्यातल्या जुन्या खोक्यातून काढून दिला होता. टिटॅनियम हायड्रोजन पिऊन बसतं, हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं. "बाई, माझ्यामुळे पोरीचं वाटोळं झालं असेल का?" त्याने विचारलं.

म्हणजे घामाचं बोट, दमट धातू, नाहीतर भांड्याला बारीकशी गळती. तीन शक्यता, आणि तिसरीचं नाव घ्यायला जीभ धजेना. गळती म्हणजे पंपकाकांची चूक.

३

टिटवीला जबाबासाठी समितीच्या नोंदींची प्रत मिळाली होती. बुधवारी सकाळी मी ती शिवणटेबलावर पसरली. ती शेजारी बसून नखं खात होती. अधूनमधून मी तिच्या हातावर चापट मारत होते.

लेखनिकाचं अक्षर सुरेख. एकूण साठ ठिणग्या, साठ ओळी. प्रत्येक ओळीत वेळ, भांड्यातला दाब आणि चारही टेकड्यांची उंची. पहिली ओळ दहा वाजून पाच मिनिटांची, शेवटची दहा पस्तीसची. पुढचा दीड तास सगळी मंडळी टिटवीच्या चित्रांशी आकडे ताडत बसली होती.

आधी मी दाब पाहिला. गळती असेल तर तो वर चढतो. इथे मात्र इतका खाली होता की मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. एवढं चांगलं निर्वात आमच्या भांड्याने माझ्या डोळ्यांदेखत कधी दिलेलं नाही. गळती बाद. माझा जीव भांड्यात पडला, आणि आपण नेमक्या कशाला सुटकेचा श्वास सोडला याची मला जराशी लाजही वाटली.

मग आगाऊ टेकडी. बोटाचा घाम असता, तर पहिल्या ठिणगीत टेकडी डोंगराएवढी दिसली असती, दहाव्यात निम्मी, साठाव्यात नाहीशी, कारण ठिणगी स्वतःच घाण जाळत जाते. इथे पहिल्या ओळीतली उंची आणि साठाव्या ओळीतली उंची जवळपास तीच. इस्त्रीही बाद. पत्र मागे घ्यायला आलो होतो म्हणाला ते खरं धरायला हरकत नव्हती.

उरला दमट धातू. मी टिटवीला विचारलं, हाच तुकडा तू गेल्या आठवड्यात वापरलास ना. हो म्हणाली, त्याच्या कडेला तिनेच खूण कोरली होती. गेल्या आठवड्यात मीही तिथे होते. पडद्याच्या काचेवरून फडकं मी स्वतः फिरवलं होतं, आणि आगाऊ टेकडी तिथे नव्हती. धातूच्या पोटात हायड्रोजन असता तर गेल्या आठवड्यातही दिसला असता. पण हे मी पाहिलं, म्हणजे गवसण्या शिवणाऱ्या बाईने पाहिलं. समितीपुढे त्याला काय किंमत.

"मग पाणी आलं कुठून, मावशी? हवेतून पडलं?" टिटवी म्हणाली.

माझं लक्ष भलतीकडे गेलं होतं. लेखनिकाने साठ ओळी हाताने लिहिल्या होत्या. सुबक, गिचमिड न करता, प्रत्येकीत सहा आकडे.

"तुझं यंत्र सेकंदाला किती ठिणग्या पाडतं गं?" मी विचारलं.

"पाच. कायमच पाच."

सेकंदाला पाच म्हणजे साठ ठिणग्या बारा सेकंदांत. बारा सेकंदांत साठ ओळी लिहिणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

४

अर्धा तास, साठ ठिणग्या. म्हणजे अर्ध्या मिनिटाला एक.

मी समोरच्या शिवणयंत्राकडे पाहिलं. महिनाभर त्याचं तेलपाणी झालं नव्हतं, चाकावर, पाटीवर धाग्यांची बारीक लव बसली होती. सुई तेवढी लखलखीत. दिवसभर वरखाली करणाऱ्या सुईवर धूळ बसायला सवड कुठे असते. तीच सुई रात्रभर थांबली, तर सकाळी तिच्यावरही लव दिसते.

निर्वात म्हणतात ते काही अगदीच रिकामं नसतं. कितीही ओढून काढा, वाफेचे थोडे कण आत भटकत राहतात आणि धातूवर येऊन बसतात. उत्तम निर्वातातही सेकंद-दोन सेकंदांत एक पातळसा थर जमतो. सेकंदाला पाच ठिणग्या असल्या तर थर जमण्याआधीच पुढची ठिणगी तो झाडून टाकते. अर्धं मिनिट थांबलात तर तो पुरता जमतो, मग ठिणगी त्यालाही उधळते, आणि त्यातला हायड्रोजन सगळ्यांच्या पुढे धावत सुटतो. दर वेळी तेवढाच थर, दर वेळी तेवढीच टेकडी. पहिली आणि साठावी सारखी.

हे ऐकल्यावर टिटवीने प्रबंध उघडून भराभरा पानं उलटली आणि तिचा चेहरा उतरला. दाब, व्होल्टेज, नळीची लांबी, सगळं लिहिलेलं. ठिणग्यांची गती मात्र कुठेच नव्हती. इस्त्रीच्या प्रबंधातही नव्हती, त्याच्या आधीच्याच्याही नव्हती. गतीचं बटण यंत्राच्या पाठीमागे, माझ्या गवसणीच्या झडपेआड. कुणीतरी कधीतरी ते पाचावर ठेवलं आणि त्याला पुन्हा हात लावायची वेळच आली नाही. जे बदलत नाही ते लिहायचं कुणाला सुचत नाही. मॅडमनी यंत्र होतं तसं चालवलं, आणि आयुष्यभर त्यांनी काम केलं ते वायूने भरलेल्या नळ्यांवर. ठिणग्यांमधलं अंतर कसं खोड्या करतं, हे त्यांच्या वाट्याला कधी आलं नसावं. सर पंधरा वर्षांत यंत्राच्या जवळ गेले नव्हते. अर्ध्या मिनिटाला एक ठिणगी पाहून त्यांना वाटलं असेल, असंच असतं.

पण सोमवारी संध्याकाळी बटण पाचावर होतं, हे टिटवी शपथेवर सांगत होती. मग ते फिरवलं कुणी?

गवसणी ठीक बसली आहे का पाहायचं म्हणून मी स्टोअरवाल्याकडून खोली उघडून घेतली. त्याने सहीदेखील मागितली नाही. मला त्याचं नवल वाटलं आणि मी ते बोलून दाखवलं. तो म्हणाला, तुमची काय सही घ्यायची, तुम्ही गवसणीवाल्या. तशीच पंपकाकांचीही घेत नाही, ते रोज सकाळी आठला पंप बघून जातात. आत जाणारी माणसं वेगळी.

मी यंत्राच्या मागे गेले. झडपेची नाडी मी नेहमी साध्या फासाने बांधते. आता तिथे दुहेरी पीळ घालून टोक आत दडवलेली गाठ होती. रबरी नळी कंपनांनी सुटू नये म्हणून घालतात ती. या इमारतीत ती दोघांनाच येते. त्यातली एक मी.

५

पंपकाका त्यांच्या खोलीत रबराची कडी कापत बसले होते. महिनाअखेरीला ते निवृत्त होणार होते, पण कडी अशी बेतत होते जणू पुढची तीस वर्षं त्यांनाच पुरवायची आहेत. मला पाहून त्यांनी पायाने स्टूल पुढे ढकललं.

मी बसले. येताना जिन्यावर तीनदा थांबले होते. या माणसाने मला माझ्या दोन हातांपलीकडचं जग दाखवलं. ज्या वर्षी माझा नवरा गेला, त्या वर्षी रोज दुपारी हे मला एक नवा भाग समजावून सांगायचे, म्हणजे ती दुपार तरी जाईल. कधी बोलून दाखवलं नाही. आणि मी आता त्यांना काय सांगायला आले होते.

त्यांनीच सुरुवात केली. आकडा बघितलास का, त्यांनी विचारलं. मंगळवारचा दाब. उभ्या आयुष्यात इतका खाली आणला नव्हता. पोरीचा तुकडा झिजून एवढासा उरलेला, समितीवाले तासन् तास ठिणग्या पाडत बसले असते तर ऐन वेळी संपला असता. म्हणून सकाळी जाऊन गती उतरवली. तुकड्यालाही आराम आणि पंपालाही दोन ठिणग्यांमध्ये श्वास घ्यायला वेळ. निर्वात कसं, काचेसारखं.

मी नुसती मान डोलावली. त्यांना वाटलं मी भारावले आहे.

"तिने प्रबंधात आभार मानलेत माझे," ते म्हणाले. "सरांच्या आधी. वाचून दाखवलंन मला. तीस वर्षांत इतके प्रबंध झाले या यंत्रावर, अगं, पंप कोण चालवतो हे कुणाला ठाऊक नव्हतं. म्हटलं, तिच्या दिवशी आपण कमी पडायचं नाही."

समितीने काय ठरवलं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांना कोण सांगणार. ते आत जाणाऱ्या माणसांतले नव्हते.

मी सांगितलं. हळूहळू, सुईची आणि धुळीची गोष्ट सांगून, ते मला कधीकाळी सांगायचे तसंच. त्यांची कात्री थांबली. चष्मा काढून त्यांनी तो सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. मला वाटलं आता हा माणूस मोडणार. मी हात पुढे केला.

"थर किती सेकंदांत बसतो?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, एक ते दोन.

"तरीच," ते म्हणाले. "पंपाचंच बघत राहिलो. तुकड्याच्या अंगाने विचार केला नाही." आणि मग कात्री खाली ठेवून, "पोरीने काही खाल्लंय का कालपासून?"

मी म्हटलं, समितीपुढे मी बोलेन. बटण उतरवलेलं होतं, कुणी ते माहीत नाही, एवढ्यावर भागेल. तुमचं नाव यायचं कारण नाही, महिनाअखेर आली आहे.

त्यांनी मान हलवली. बटणाला काही पाय नसतात, म्हणाले. बंद खोलीत कोण शिरलं हे समिती विचारणारच, आणि उत्तर मिळालं नाही तर पहिलं बोट त्या पोरीकडेच जाईल. आधी टेकडी पुसली, मग बटण फिरवलं, असं म्हणतील.

बरोबर होतं त्यांचं. ते मला आधी सुचायला हवं होतं.

६

गुरुवारी अकरा वाजता परीक्षक मॅडमनी माझं ऐकून घेतलं. मधे एकदाही टोकलं नाही. त्यांच्या बाजूला सर बसले होते. माझ्याकडे बघावं की टेबलाकडे हे त्यांना ठरवता येत नव्हतं. लेखनिकाने बारा सेकंदांत साठ ओळी आपण लिहू शकत नाही असं लेखी मान्य केलं. इस्त्रीला बोलावलं होतं. तो म्हणाला, माझ्याही प्रबंधात गती लिहिलेली नाही, दोष द्यायचा तर दोघांना द्या. हे बोलताना तो चक्क खुर्चीला टेकून बसला.

बटण कुणी फिरवलं, हे मॅडमनी विचारलंच. काका उठून उभे राहिले आणि जसं घडलं तसं सांगितलं, आभाराचं मात्र काहीच बोलले नाहीत. सर पुटपुटले की सील केलेल्या यंत्राला हात लावणं म्हणजे, आणि वाक्य तिथेच सोडून दिलं, कारण मॅडम त्यांच्याकडे बघत होत्या. टिटवी दाराशी उभी होती. काका सांगत असताना ती त्यांच्याकडे अशी बघत होती की मला तिचा चेहरा वाचता येईना.

"बोलणं पुरे," मॅडम म्हणाल्या. "करून दाखवा."

आम्ही सगळे यंत्रापाशी गेलो. आधी मंगळवारच्याच गतीवर दहा ठिणग्या. अर्ध्या मिनिटाला एक टक, आणि दर वेळी आगाऊ टेकडी आपल्या जागी हजर. पाच मिनिटं इतकी लांब असतात हे मला माहीत नव्हतं. मग मॅडमनी काकांनाच बटण फिरवायला सांगितलं. काकांनी ते पाचावर नेलं. टकटक आवाजाची एक सरळ ओढच लागली. गेजवरचा दाब वाढू लागला, आणि काकांचा श्वास अडकलेला मला ऐकू आला. त्यांचं ते काचेसारखं निर्वात डोळ्यांसमोर बिघडत होतं. पडद्यावर मात्र आगाऊ टेकडी खचायला लागली. निम्मी झाली. पाव झाली. मिनिटभरात तिथे नुसती सपाट रेघ उरली.

सगळ्यांचे डोळे आता पुढच्या टेकडीवर होते. हायड्रोजन गेला म्हणजे पाणी गेलं, पाणी गेलं म्हणजे ऑक्सिजनही गेला. तिहेरीची टेकडी ऑक्सिजनची असती, तर तीही त्याच्याबरोबर बसली असती.

ती बसली नाही. थोडी थरथरत होती ती स्थिरावली, आणि टिटवीच्या प्रबंधात एकशे चाळीस वेळा होती तेवढ्याच उंचीवर उभी राहिली.

कुणी टाळी वाजवली नाही. मॅडम म्हणाल्या, पुन्हा हळू करा. काकांनी केलं, आणि आगाऊ टेकडी परत आली. पुन्हा जोरात, गेली. असं त्यांनी चार वेळा करायला लावलं. चौथ्या वेळेनंतर त्यांनी समितीचा कागद मागवला, मंगळवारचा निर्णय आडवी रेघ मारून खोडला आणि खाली सही केली. बाराला अजून दहा मिनिटं होती.

मग त्या टिटवीकडे वळल्या. प्रबंध स्वीकारला, म्हणाल्या, पण एक अट. त्यात एक प्रकरण नवं हवं, गतीचं. सेकंदाला पाचापासून मिनिटाला एकापर्यंत, प्रत्येक पायरीवर टेकड्या किती चढतात-उतरतात ते मोजायचं. मंगळवारच्या साठ ओळी हा त्याचा पहिला तक्ता. इतक्या खालच्या दाबावर हे कुणी मोजलेलं त्यांच्या तरी वाचनात नव्हतं. मोजणी नीट झाली तर त्या स्वतः ते प्रकरण वाचायला पुन्हा येतील. सर आता टेबलाकडे न बघता टिटवीकडे बघत होते, आणि हसतही होते.

मॅडम गेल्या, मागोमाग सर, इस्त्री आणि लेखनिक गेले. खोलीत आम्ही तिघं उरलो आणि पंपाची घरघर. काका यंत्राच्या मागे जाऊन झडपेची नाडी बांधत होते. जरूर नव्हती तरी पुन्हा पुन्हा बांधत होते.

टिटवी त्यांच्याजवळ गेली. काय बोलणार ते मला खरंच माहीत नव्हतं. चार वर्षं आणि दोन दिवस, दोन्ही तिच्या चेहऱ्यावर होते.

"काका," ती म्हणाली, "मंगळवारसारखं निर्वात मला आठ दिवस रोज हवंय. दुसऱ्या कुणाला जमणार नाही. द्याल का?"

काकांनी गाठीचं टोक आत दडवलं. मग उभं राहून त्यांनी कपाळ मनगटाने पुसलं.

"सकाळी सातला पंप लावतो," ते म्हणाले. "आधी दोघी जाऊन जेवा. आणि उद्या येताना हात स्वच्छ धुऊन ये, तुझी बोटं नेहमी शाईने बरबटलेली असतात."